बर्फाच्या पेटीतले फुप्फुस : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फुप्फुस प्रत्यारोपणावरील गेल्या अंकातील लेखानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. दात्याच्या शरीरातून काढलेले फुप्फुस रुग्णाच्या छातीत बसवले जाईपर्यंत त्याच्या पेशी कशा जपतात, या एकाच मुद्द्याभोवती फिरणारे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचा केळीचा व्यवसाय आहे. शीतगृहाचे तापमान 13 अंशांच्या खाली गेले की केळीची साल काळवंडते, हे आम्ही नेहमी पाहतो. दात्याचे फुप्फुस मात्र थेट बर्फाच्या पेटीत ठेवतात. त्याच्या पेशींना थंडी बाधत नाही का? (एक वाचक, जळगाव)

बाधते, आणि आपले उदाहरण वरवर वाटते त्यापेक्षा अधिक चपखल आहे. अवयव थंड करण्याचा उद्देश पेशींची गरज कमी करणे एवढाच असतो. तापमान 10 अंशांनी उतरले की पेशींमधील रासायनिक व्यवहार साधारणतः निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतात. त्यामुळे रक्तपुरवठा तुटल्यावर शरीराच्या तापमानाला लवकरच अडचणीत येणारा अवयव 4 अंशांवर काही तास तग धरतो. परंतु हे व्यवहार मंदावतात, थांबत नाहीत. शिवाय ते सगळे सारख्या प्रमाणात मंदावत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे.

आपल्या प्रत्येक पेशीच्या बाहेर सोडियम भरपूर, म्हणजे दर लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल, आणि आत त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका असतो. पोटॅशियमचे नेमके उलटे असते. ही तफावत टिकवण्यासाठी पेशीच्या आवरणातील एक प्रथिन, ज्याला सोडियम-पोटॅशियम पंप म्हणतात, अहोरात्र एटीपी हे पेशीचे ऊर्जाद्रव्य खर्च करून सोडियम बाहेर टाकत असते. थंडीत हा पंप जवळजवळ बसतो, पण आवरणातून होणारी सोडियमची गळती त्या मानाने फारशी कमी होत नाही. सोडियम आत साचतो, त्याच्यामागे क्लोराइड येते, क्लोराइडमागे पाणी येते आणि पेशी फुगते. कॅल्शियमही नको तितका आत शिरतो आणि आवरण व प्रथिने तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) जागे करतो.

दुसरी इजा अधिक छुपी आहे. जर्मनीतील एसेन विद्यापीठात उर्सुला राउएन आणि हर्बर्ट दे ग्रोट यांनी यकृताच्या पेशींवर केलेल्या कामातून असे दिसले की, थंडीत पेशीतील सैल बांधलेल्या लोहाचे प्रमाण वाढते. हे लोह ऑक्सिजनचे अत्यंत आक्रमक रेणू तयार करण्यास हातभार लावते, आणि त्या रेणूंच्या माऱ्याने मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतील ऊर्जाकेंद्रांची, आवरणे फुटतात. लोह बांधून ठेवणारे औषध आधीच दिले तर त्याच थंडीत पेशी बऱ्याच प्रमाणात वाचतात. म्हणजे रक्त न मिळाल्यामुळे होणारी हानी वेगळी आणि निव्वळ थंडीमुळे होणारी हानी वेगळी. बर्फाच्या पेटीत या दोन्ही एकाच वेळी चालू असतात.

फुप्फुसात याचा सर्वाधिक फटका दोन ठिकाणी बसतो. एक म्हणजे केशवाहिन्यांचे पातळ अस्तर, आणि दुसरे म्हणजे वायुकोशांतील दुसऱ्या प्रकारच्या पेशी, ज्या सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ स्रवून वायुकोश मिटू देत नाहीत. हे नुकसान पेटीत असताना डोळ्यांना दिसत नाही. रुग्णाचे ऊब असलेले रक्त पुन्हा वाहू लागले की मगच अस्तर पाझरू लागते, वायुकोशांत पाणी येते, आणि रक्तात ऑक्सिजन चढेनासा होतो. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या 72 तासांत दिसणाऱ्या या अवस्थेच्या पायऱ्या ठरवताना धमनीतील ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासाच्या हवेतील ऑक्सिजनचा हिस्सा हे गुणोत्तर पाहतात. निरोगी माणसात ते 400 च्या पुढे असते, आणि एक्स-रेमध्ये फुप्फुस पाणावलेले दिसत असताना ते 200 च्या खाली गेले, तर ती सर्वांत गंभीर पायरी मानली जाते. म्हणूनच अनुभवी शल्यचिकित्सक नव्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीवरचा चिमटा एकदम सोडत नाहीत. तो दहा-एक मिनिटे हळूहळू सैल करत दाब वाढू देतात.

प्रश्न : मूत्रपिंड किंवा हृदयाला रक्त मिळाले नाही की ऑक्सिजन मिळत नाही, हे समजते. फुप्फुसात तर हवाच भरलेली असते. मग ते का गुदमरावे? (वैद्यकीय शाखेची एक विद्यार्थिनी, पुणे)

प्रश्न मार्मिक आहे, कारण या बाबतीत फुप्फुस खरोखरच इतर अवयवांहून निराळे आहे. ते काढताना साधारण 50 टक्के ऑक्सिजन असलेल्या हवेने माफक फुगवतात आणि श्वासनलिका स्टेपलरने बंद करतात. त्यामुळे वायुकोशांतील पेशींना आणि त्यांना चिकटून असलेल्या केशवाहिन्यांच्या अस्तराला रक्ताविनाही ऑक्सिजन मिळत राहतो. केंब्रिजमधील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवल्याप्रमाणे ऑक्सिजन तुटलेल्या ऊतींमध्ये सक्सिनेट नावाचे द्रव्य साचते आणि रक्त परत येताच ते भराभर जळून मायटोकॉन्ड्रियातून घातक रेणू बाहेर पडतात. फुगवून ठेवलेल्या फुप्फुसावर ही आपत्ती त्या तीव्रतेने येण्याचे कारण नाही.

तरीही इजा होते, याचे एक स्पष्टीकरण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲरन फिशर यांच्या गटाने दिले. रक्तवाहिनीच्या अस्तराला वाहत्या रक्ताचे घर्षण सतत जाणवत असते. प्रवाह थांबला की, ऑक्सिजन पुरेसा असूनही, त्या पेशींना हा बदल कळतो. त्यांच्या आवरणातील पोटॅशियमचे विशिष्ट मार्ग मिटतात, आवरणाचा विद्युतभार बदलतो, आणि एक विकर सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा आक्रमक रेणू बनवू लागते. थोडक्यात, इथे गुन्हेगार ऑक्सिजनचा अभाव नसून प्रवाहाचा अभाव आहे, आणि हाताशी असलेला ऑक्सिजनच त्याला कच्चा माल पुरवतो. म्हणून शंभर टक्के ऑक्सिजन भरून ठेवण्यात शहाणपणा नाही. पूर्ण मिटलेले फुप्फुसही चांगले टिकत नाही, आणि गच्च फुगवलेले तर मुळीच नाही.

प्रश्न : मी शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. फुप्फुसात सोडतात त्या द्रवात नेमके काय असते? पेशी वाचवणारे एखादे औषध त्यातच मिसळता येणार नाही का? (नाशिक)

आपण शस्त्रक्रियागृहात असता, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. दात्याला हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध दिल्यानंतर फुप्फुसधमनीत नळी बसवतात आणि वाहिन्या सैल पडाव्यात म्हणून प्रोस्टाग्लँडिन ई-1 देतात. महाधमनीवर चिमटा लागला की हृदयाच्या डाव्या कर्णिकेचे (वरच्या कप्प्याचे) टोक कापून द्रवाला बाहेर पडायला वाट करतात. द्रवाची पिशवी फार उंच टांगत नाहीत, सुमारे 30 सेंटिमीटर पुरते, कारण दाब जास्त झाला तर जे अस्तर वाचवायचे तेच फाटते. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर, म्हणजे 60 किलोच्या दात्याला तीन ते साडेतीन लिटर थंड द्रव जातो. या सर्व वेळात व्हेंटिलेटर चालूच ठेवतात, म्हणजे द्रव सगळ्या खंडांत पोहोचतो. गुलाबी फुप्फुस पाहता पाहता पांढुरके होते आणि कर्णिकेतून येणारा लाल द्रव निवळत जातो. नंतर चारही फुप्फुसशिरांतून प्रत्येकी साधारण पाव लिटर द्रव उलट दिशेने सोडतात; या वेळी धमनीच्या तोंडातून कधी कधी रक्ताच्या बारीक गाठी बाहेर येतात, आणि त्या आता निघाल्या नसत्या तर रुग्णाच्या शरीरात त्रासदायक ठरल्या असत्या.

द्रवाची कथा पोटॅशियमभोवती फिरते. सुरुवातीला मूत्रपिंडासाठी बनवलेला युरो-कॉलिन्स हा द्रवच फुप्फुसालाही वापरत, ज्यात लिटरमागे सुमारे 115 मिलिमोल पोटॅशियम असे. बाहेरचा द्रव पेशीच्या आतल्यासारखा ठेवला तर गळतीला वावच राहणार नाही, असा त्यामागचा विचार होता. विचार बिनचूक, पण एवढ्या पोटॅशियमने फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि द्रव सर्वत्र पसरत नाही. टोरांटोत शाफ केशवजी आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कमी पोटॅशियम आणि डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्यांचा पदार्थ) असलेल्या द्रवात कुत्र्यांची फुप्फुसे 12 तास सुरक्षित राहतात, असे दाखवले. आज सर्वाधिक वापरला जाणारा परफाडेक्स हा द्रव त्याच जातीचा असून त्यात पोटॅशियम केवळ 6 मिलिमोल, आणि लिटरमागे 50 ग्रॅम डेक्स्ट्रान-40 असते. डेक्स्ट्रानचे मोठे रेणू पाणी रक्तवाहिन्यांतच धरून ठेवतात, लाल पेशींना एकमेकींना चिकटू देत नाहीत, आणि थोडेसे ग्लुकोज मंदावलेल्या पेशींच्या उपजीविकेची सोय करते.

आता औषधाविषयी. प्रयोग पुष्कळ झाले आहेत. टोरांटोतील मिंग्याओ लियू यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या श्वसनमार्गाच्या पेशी संवर्धनाच्या बशीत वाढवून, त्यांच्यावर साठवणीचा द्रव घालून त्या 4 अंशांवर काही तास ठेवतात आणि मग ऊब व पोषण परत देतात. म्हणजे प्रत्यारोपणाचा संपूर्ण प्रसंग एका बशीत उभा करतात. अशा पद्धतीने अल्फा-1 अँटिट्रिप्सिन या प्रथिनाची परीक्षा झाली. ज्यांच्या शरीरात ते जन्मतः कमी असते अशा रुग्णांना ते पूर्वीपासून औषध म्हणून दिले जाते. त्याने पेशींचे मरण आणि दाह हे दोन्ही कमी झाले, आणि उंदीरवर्गीय प्राणी व डुकरांच्या फुप्फुसांतही फायदा दिसला. लोह बांधणारी द्रव्ये, ग्लुटाथायोन, रॅफिनोज, ट्रेहॅलोज यांचेही प्रयोग आहेत.

असे असूनही रोजच्या वापरातला द्रव फारसा बदललेला नाही, आणि माझ्या मते ते अगदीच अनाकलनीय नाही. बशीत एकाच जातीच्या पेशी असतात, तर फुप्फुसात कित्येक जातींच्या. एकीला वाचवणारे द्रव्य दुसरीला मानवेलच असे नाही. थंडीत पेशी औषध नीट आत घेतही नाहीत. आणि नवे द्रव्य मिसळले की तो कायद्याने नवा द्रव ठरतो व त्याची सुरक्षितता पहिल्यापासून सिद्ध करावी लागते. बशीतील यशाची बातमी वाचून लगेच हुरळून जाऊ नये, एवढेच म्हणेन.

प्रश्न : महाराष्ट्रातील दात्यांची फुप्फुसे विमानाने चेन्नईला नेल्याच्या बातम्या येतात. विमान उंचावर गेल्यावर फुगवलेल्या फुप्फुसाचे काय होते, आणि एवढा प्रवास वेळेत कसा बसवतात? (एक वाचक, नागपूर)

प्रवासी विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. तो जास्तीत जास्त 8,000 फूट उंचीवरच्या दाबापर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरू शकतो. बंद केलेल्या फुप्फुसातील हवा त्या दाबाला सुमारे एक तृतीयांशाने प्रसरण पावू पाहते. म्हणून विमानाने जाणारे फुप्फुस स्टेपल करण्यापूर्वी हात जरा आखडता ठेवून फुगवतात. ते एकात एक अशा तीन निर्जंतुक पिशव्यांत असते, सर्वांत आतल्या पिशवीत साठवणीचा द्रव असतो, आणि ही सगळी मोट बर्फाच्या पेटीत जाते. फुप्फुसाचा थेट बर्फाशी संपर्क येऊ न देणे हे या पिशव्यांचे एक काम आहे.

वेळेचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. मुंबईत रात्री 10 वाजता महाधमनीवर चिमटा लागला. घड्याळ तिथून सुरू होते. फुप्फुस काढून, उलट दिशेने धुऊन, बांधून बाहेर पडायला 11 वाजतात. ग्रीन कॉरिडॉरमुळे विमानतळ अर्ध्या तासात गाठता येतो. दोन तासांचे उड्डाण आणि दोन्हीकडची चढ-उतार धरून चेन्नईच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रात्रीचे अडीच वाजतात. पहिल्या फुप्फुसाची श्वासनलिका, धमनी व कर्णिका जोडून रक्त सुरू करायला पहाटेचे 4 होतात, म्हणजे 6 तास झाले. दुसरे फुप्फुस जोडेपर्यंत साडेपाच, म्हणजे साडेसात तास. परंपरेने 6 ते 8 तासांची मर्यादा पाळतात, हे ध्यानात घेतले की दुसऱ्या फुप्फुसाच्या वाट्याला किती थोडी सवड उरते ते कळते. त्यातही ही सर्व मंडळी रात्रभर जागी असतात.

प्रश्न : मग अवयव सरळ गोठवूनच का ठेवत नाहीत? (एक शालेय वाचक, रत्नागिरी)

पाणी गोठले की त्याचे टोकदार स्फटिक होतात आणि पेशींची आवरणे फाडतात. शिवाय अवयव पुन्हा वितळताना तो सगळीकडे एकसारखा उबदार झाला नाही तर तडे जातात. स्फटिक होऊ न देता काचेसारखे घट्ट करण्याची एक पद्धत आहे, आणि अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात तिने 100 दिवसांपर्यंत ठेवलेली उंदरांची मूत्रपिंडे 2023 मध्ये यशस्वीपणे बसवली गेली. माणसाच्या फुप्फुसापर्यंत ही वाट अजून लांबची आहे. मात्र आपल्याला गंमत वाटेल अशी एक गोष्ट आहे : शीतनिद्रा घेणाऱ्या सीरियन हॅमस्टरच्या पेशी ज्या थंडीत आरामात जगतात, त्या थंडीत माणसाच्या पेशी मरतात. त्यांना हे कसे साधते, हा शोध चालू आहे.

प्रश्न : बर्फाऐवजी 10 अंशांवर ठेवलेले फुप्फुस अधिक टिकते, असे वाचले. जास्त थंड म्हणजे जास्त सुरक्षित, हा समज चुकीचा का? (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात सांगितलेली दोन प्रकारची हानी इथे पुन्हा आठवावी. तापमान उतरवत गेले की रक्त न मिळाल्याने होणारी हानी घटते आणि निव्वळ थंडीची हानी वाढते; तेव्हा या दोहोंची बेरीज सर्वांत कमी असेल असे तापमान मधे कुठेतरी असणारच. बर्फाच्या पेटीत फुप्फुसाचे तापमान कोणी नेमके ठरवत नाही. 4 अंश म्हणायचे, पण बर्फालगतचा भाग त्याहूनही खाली जातो. बर्फ निवडला गेला, कारण तो सर्वत्र मिळतो व त्याला वीज लागत नाही. फुप्फुसाला तोच सर्वांत मानवतो, असे कोणी सिद्ध केले होते म्हणून नव्हे.

उलट 1992 मध्येच हिरोशी दाते, जोएल कूपर आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या फुप्फुसांवर 4 अंशांपेक्षा 10 अंश सरस असल्याचे प्रसिद्ध केले होते. हे कूपर म्हणजे ज्यांच्या चमूने 1983 मध्ये टोरांटोत फुप्फुसाचे पहिले दीर्घकाळ यशस्वी ठरलेले प्रत्यारोपण केले तेच. म्हणजे हा निष्कर्ष कुठल्या कोपऱ्यातल्या अनोळखी प्रयोगशाळेचा नव्हता. तरीही तो जवळपास तीन दशके बाजूला पडला. नेमके 10 अंश राखणारी, हातात नेता येणारी पेटी तेव्हा सहज उपलब्ध नव्हती, हे त्याचे एक कारण असावे. बर्फावर काम भागत होते, हे दुसरे.

टोरांटोतीलच मार्सेलो सिपेल यांच्या गटाने तो धागा पुन्हा उचलला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात डुकरांची फुप्फुसे 10 अंशांवर 36 तास ठेवल्यावरही बर्फावर ठेवलेल्यांपेक्षा चांगली चालली. अधिक लक्षणीय म्हणजे त्यांच्या मायटोकॉन्ड्रियाची प्रकृती चांगली राहिली होती, आणि इटाकोनेटसारखी मायटोकॉन्ड्रियाचे रक्षण करणारी द्रव्ये त्या ऊतीत जास्त आढळली. याचा अर्थ असा लावता येतो की 10 अंशांवर पेशी पुरती मंदावते, पण स्वतःची डागडुजी करण्याइतकी जागी राहते. 4 अंशांवर ती तेवढीही जागी राहत नाही. बाहेरून औषध मिसळण्याऐवजी पेशीला तिचेच संरक्षक द्रव्य बनवू देणारा हा मार्ग मला अधिक समंजस वाटतो.

यानंतर 2023 मध्ये टोरांटो, व्हिएन्ना आणि माद्रिद येथील 70 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संध्याकाळी किंवा रात्री काढलेली फुप्फुसे 10 अंशांवर मुद्दाम सकाळपर्यंत राखून ठेवली आणि ताज्यातवान्या चमूने ती दिवसा बसवली. रुग्णांची सुरुवातीची प्रगती नेहमीच्या पद्धतीने प्रत्यारोपण झालेल्यांपेक्षा मागे पडली नाही. वरच्या मुंबई-चेन्नईच्या हिशेबात हे बसवून पाहावे : रात्री अडीचनंतर घाईघाईने सुरू होणारे जोडकाम सकाळी 8 वाजता सुरू करता येईल, आणि रक्तगटाखेरीज प्रतिपिंडांची तपासणीही निवांत होईल.

शरीराबाहेर यंत्रावर फुप्फुस चालवण्याची पद्धत याहून निराळी आहे, आणि काही वाचकांनी तिची गल्लत केली आहे. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टीन यांनी 2000 मध्ये अशा प्रकारे तपासलेले फुप्फुस प्रथम रुग्णाला बसवले, आणि 2011 मध्ये टोरांटोच्या चमूने 37 अंशांवर 4 तास यंत्रावर ठेवून परीक्षिलेल्या शंकास्पद फुप्फुसांचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. या यंत्रावर फुप्फुसाची तपासणी आणि उपचार करता येतात. पण ते महाग आहे व त्याला प्रशिक्षित माणसे लागतात. 10 अंशांच्या साठवणीला केवळ भरवशाची पेटी लागते. दोन्ही एकत्रही वापरता येतात : डुकरांची फुप्फुसे 10 अंशांवर ठेवून मधेमधे यंत्रावर उबदार केल्याने ती 3 दिवस टिकवता आली आहेत.

एक सावधगिरी मात्र नोंदवायला हवी. त्या 70 रुग्णांची निवड चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. त्यांची तुलना इतर रुग्णांच्या नोंदींशी केली होती, आणि ही तिन्ही केंद्रे अतिशय अनुभवी आहेत. शिवाय 10 अंशांचा फायदा फुप्फुसासाठी दिसला आहे. ऑक्सिजन साठवून न ठेवू शकणाऱ्या हृदयाला किंवा यकृताला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. आणि घरगुती फ्रिज किंवा गाडीतल्या कूलरचे तापमान दार उघडताच हलते, तेव्हा अशा साठवणीसाठी तापमानाची सतत नोंद ठेवणारी, खास याच कामासाठी बनवलेली पेटीच हवी.